शर्यतीतून आलेली घोडी, नवे स्वार आणि इंग्लिश की वेस्टर्न हा प्रश्न

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा आहे. पुण्याच्या शर्यतींमधून निवृत्त झालेली ७ वर्षांची थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीची, घोडी आपण नागपूरजवळ वर्धा रोडवरील आपल्या शेतावर आणली आहे. आपण स्वतः आणि आपली १३ वर्षांची मुलगी तिच्यावरच घोडेस्वारी शिकू इच्छिता. घोडी मान वर काढून लगाम ओढते आणि एकदा वेग घेतला की थांबत नाही. एका परिचितांनी वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन गुराख्यांच्या पद्धतीचे, खोगीर घ्यायला सांगितले, कारण त्यातून माणूस सहसा पडत नाही. दुसऱ्यांच्या मते इंग्लिश पद्धत तेवढी खरी. आणि तिसऱ्यांनी अधिक कडक, काटेरी बिट (घोड्याच्या तोंडात बसणारा, लगामेला जोडलेला धातूचा तुकडा) लावण्याचा सल्ला दिला आहे.

या तिन्ही सल्ल्यांपैकी एकही आज अमलात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या वर्षात या घोडीला जे शिकवायचे आहे ते दोन्ही पद्धतींत एकच आहे, आणि स्वाराला जे शिकायचे आहे तेही एकच आहे. पद्धतींचे रस्ते वेगळे होतात ते त्यानंतर. म्हणून नवे खोगीर आणि नवे बिट यांवरील खर्च तूर्त थांबवावा, साधे जाड आणि गुळगुळीत स्नॅफल (दांड्या नसलेले बिट) ठेवावे, आणि मुलीने या घोडीवर शिकायला सुरुवात करू नये. शेवटची गोष्ट आपल्याला कदाचित रुचणार नाही, परंतु न शिकलेला घोडा आणि न शिकलेला स्वार ही जोडी दोघांच्याही दृष्टीने घातक असते, आणि त्यात चूक कोणाची हे ठरवण्याआधीच कोणीतरी जखमी झालेले असते.

आपली घोडी अशिक्षित आहे असे मात्र समजू नका. तिचे एक शिक्षण पूर्ण झालेले आहे. ते आपल्या उपयोगाचे नाही एवढेच. शर्यतीच्या घोड्याला लगामेवर भार टाकून धावायला शिकवलेले असते. जॉकी दोन्ही लगामा एकत्र घट्ट धरतो, घोडा त्या ओढीवर रेलतो आणि त्या आधाराने पल्ला वाढवतो. त्यामुळे आपण थांबवण्यासाठी दोन्ही हातांनी सलग ओढता तेव्हा तिला ती धावण्याची सूचना वाटते, आणि तिच्या दृष्टीने ती आज्ञा पाळत असते. दुसरी बाब पायांची. जॉकीच्या रिकिबी इतक्या आखूड असतात की त्याची पोटरी घोड्याच्या कुशीला जवळजवळ लागतच नाही. कुशीवर लोंबणारा, हलणारा, मध्येच टाच मारणारा पाय तिने आयुष्यात अनुभवलेला नसतो, आणि त्या स्पर्शाने ती दचकून पुढे झेपावते. तिसरी बाब स्वार होतानाची. तबेल्यात जॉकीला कोणीतरी गुडघ्यापाशी हात देऊन वर चढवतो, बहुधा घोडा चालत असतानाच. त्यामुळे स्वार चढत असताना शांत उभे राहणे हाही तिच्यासाठी नवीन धडा आहे.

शिकवायला घेण्यापूर्वी तिचे शरीर तपासून घेणे आवश्यक आहे, कारण दुखणाऱ्या घोड्याचे वर्तन हट्टी घोड्यासारखेच दिसते. दाढांच्या कडा धारदार झाल्या असतील, किंवा दाढांच्या पुढे येणारा छोटा वुल्फ टीथ नावाचा दात बिटला लागत असेल, तर मान वर काढणे हा तिचा बचाव असतो. शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठरातील व्रण फार आढळतात. तंग आवळताना चावायला येणे, खुराक अर्धवट सोडणे, ही त्याची लक्षणे असू शकतात. पाठीच्या स्नायूंवर हलक्या हाताने दाब देऊन ती कुठे अंग चोरते ते पाहावे. आपल्या शहरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे, तेव्हा दातांच्या आणि पायांच्या तपासणीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. पायाला शर्यतीचे अ‍ॅल्युमिनियमचे पातळ नाल असतील तर ते काढून, नालबंदाकडून खूर सारखे करून घ्यावेत आणि तिला दोन-तीन महिने मोकळ्या आवारात, शक्यतो दुसऱ्या घोड्याच्या सोबतीने, राहू द्यावे.

खुराकाबद्दल आपण लिहिले आहे की ती पूर्वीप्रमाणेच दाणा खाते. अर्धे उत्तर तिथेच आहे. दिवसाला तासभर हलके काम करणाऱ्या घोडीला शर्यतीच्या घोडीचा दाणा दिला, तर उरलेली ऊर्जा ती रिंगणात दाखवणारच. ४५० किलो वजनाच्या घोड्याला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे दिवसाला ७ ते ९ किलो कोरडा चारा लागतो. तो दिवसभर थोडाथोडा मिळाला तर जठरही सांभाळले जाते आणि डोकेही शांत राहते. चांगले वाळलेले गवत आणि बेताचा लसूणघास हा आधार धरावा. हरभरा आणि ओट हळूहळू, पंधरवड्याच्या अवधीत कमी करावेत. सोयाबीनचे किंवा तुरीचे कुटार बैलांना चालते म्हणून घोड्याला भरपूर घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती टाळावी. बुरशी किंवा धूळ असलेल्या कुटाराने पोटशूळ आणि खोकला दोन्ही उद्भवतात.

आता बिटकडे येते, कारण सर्वाधिक नुकसान इथे होते. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दात नसलेली जागा असते. बिट तिथे बसते. त्या हिरडीखाली हाडाची कड आहे आणि वर केवळ पातळ आवरण आहे. स्नॅफलमध्ये लगाम बिटच्या कडीलाच जोडलेली असते, त्यामुळे हाताची ओढ आहे तेवढीच तोंडात पोचते. कर्ब बिटला दोन्ही बाजूंना दांड्या असतात आणि हनुवटीखाली साखळी असते. दांडीचा तोंडाच्या वरचा भाग ४ सेंटीमीटर आणि खालचा भाग १२ सेंटीमीटर असेल, तर लगामेवरील १ किलोची ओढ साखळीत सुमारे ३ किलोची होते आणि तोंडातील बिटवर त्या दोहोंची बेरीज, म्हणजे सुमारे ४ किलोचा भार येतो. शिकलेल्या घोड्याच्या तोंडात, स्थिर हाताच्या स्वाराकडे, हे अत्यंत नाजूक साधन आहे: दांडी किंचित वळताच, साखळी आवळण्याआधीच, घोड्याला सूचना कळते. तोल सांभाळण्यासाठी लगामेला लटकणाऱ्या नवख्याच्या हाती तेच साधन छळाचे होते. पिळदार तारेच्या पातळ स्नॅफलबद्दलही हेच म्हणावे लागेल. केवळ नावात स्नॅफल आहे म्हणून ते सौम्य ठरत नाही.

आपल्या परिचितांनी सुचवलेले काटेरी बिट वरातीच्या घोड्यांच्या तोंडात सर्रास दिसते. त्याबद्दल मला कठोर शब्दच वापरावे लागतील. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालील १९६५ च्या नियमांनुसार ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना काटेरी बिट लावण्यास मनाई आहे. नियम बाजूला ठेवला तरी त्याचा उपयोग शून्य आहे, कारण वेदना झालेला घोडा वेदनेपासून पळतो, आणि पळण्याची दिशा त्याला एकच माहीत असते: पुढे.

ओढ लागली की घोडा शिकत नाही. ओढ सुटली की शिकतो. दोन्ही पद्धतींचा पाया याच एका गोष्टीवर आहे आणि माझ्या सर्व शिकवण्याचा गाभाही हाच आहे. दाब हा प्रश्न असतो, आणि दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी घोडा जे करत होता ते त्याच्या लेखी बरोबर उत्तर ठरते. म्हणून सूट देण्याची वेळ दाबाच्या जोरापेक्षा कितीतरी महत्त्वाची असते. घोडी उभी असताना एक लगाम हळूच उचलावी, ती किंचित घट्ट होईल एवढीच, आणि हात तिथेच स्थिर ठेवून वाट पाहावी. ती ओढेल, मान वर करेल, पाय हलवेल. हाताने काहीही वाढवू नये, काहीही सोडू नये. ज्या क्षणी ती जबडा मऊ करून नाक एवढेसेही आपल्याकडे आणते, त्याच क्षणी, पुढच्या श्वासाची वाट न पाहता, लगाम पूर्ण सोडावी. दोन्ही बाजूंना हे झाले की चालताना, मग दुडकीत. भरधाव वेगात मात्र एका लगामेने मान एकदम वळवू नये, कारण घोड्याचे पाय एकमेकांत अडकून तो स्वारासह कोसळू शकतो. तिथे मोठ्या वर्तुळात घेऊन ते हळूहळू लहान करणे हाच सुरक्षित उपाय आहे.

खोगिरावर बसण्याआधीचे काम जमिनीवर होते. आपले जुने चाबुकस्वार घोड्याला कावा देत, म्हणजे लांब दोरावर वर्तुळात फिरवत. आज त्यालाच लंजिंग म्हणतात. दोर ७-८ मीटरचा असावा आणि शक्यतो बिटला नव्हे तर नाकावरच्या पट्ट्याला, म्हणजे कॅव्हेसनला जोडलेला असावा. वर्तुळ मोठे ठेवावे, दोन्ही दिशांना सारखा वेळ द्यावा आणि एकूण २० मिनिटांपेक्षा जास्त करू नये, कारण लहान वर्तुळातील सततच्या फिरण्याने सांध्यांवर तिरका ताण येतो. घोडीला दमवण्यासाठी लंजिंग करणारे लोक मी पाहते तेव्हा मला फार वाईट वाटते. त्यातून शिक्षण होत नाही, फक्त तिचा दम वाढतो, आणि महिन्याभराने तिला दमवायला दुप्पट वेळ लागतो. लंजिंगमध्ये शिकवायचे ते आवाजावर थांबणे, आवाजावर चाल बदलणे आणि एकसारख्या तालात चालत राहणे. त्याच्या जोडीला, तिच्या कुशीवर जिथे पुढे स्वाराची पोटरी येणार आहे तिथे बोटांनी हलका दाब देऊन मागचे पाय बाजूला टाकायला शिकवावे. पायाच्या स्पर्शाला पळ काढायचा नसतो, बाजूला सरायचे असते, हे तिला इथेच समजते.

स्वार झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे मुख्यतः चालण्याचे असतात. २० मीटर व्यासाचे वर्तुळ, थांबणे, पुन्हा निघणे, वर्तुळातून वर्तुळ बदलणे. जर्मन घोडदळाच्या १९१२ च्या नियमावलीच्या परंपरेतून आलेला शिक्षणाचा क्रम जगभर मानला जातो: आधी ताल, मग अंगाचा सैलपणा, मग हाताशी जुळलेला संपर्क, मग मागच्या पायांचा जोर, मग सरळपणा आणि शेवटी अंग गोळा करून मागच्या पायांवर भार घेणे. शर्यतीच्या घोडीकडे जोर भरपूर असतो, आणि लोक चौथ्या पायरीपासूनच सुरुवात करतात. तिला खरी गरज पहिल्या दोन पायऱ्यांची आहे. दुडकीत दोन टापांचा ताल न बिघडता ती मान लांब करून खाली सोडू लागली, नाकातून फुरफुरली, शेपूट सैल हलू लागली, तर दुसरी पायरी आली असे समजावे. मान खाली ओढून बांधणाऱ्या दोऱ्या आणि पट्टे बाजारात अनेक मिळतात. त्यांनी आकार दिसतो, सैलपणा येत नाही.

वेस्टर्न परंपरेचा क्रम आता याच्या शेजारी ठेवून पाहा. ही परंपरा स्पेनमधून मेक्सिकोत आणि तिथून कॅलिफोर्निया, टेक्सासकडे गेली. गुरांमागे दिवसभर फिरायचे, एका हातात दोर, म्हणून लगामेसाठी एकच हात. आणि दोराला वेढा देण्यासाठी खोगिराला पुढे शिंग. कॅलिफोर्नियाच्या जुन्या व्हाकेरोंच्या, म्हणजे घोडेस्वार गुराख्यांच्या, रीतीत कोवळा घोडा आधी बिटशिवाय, बोसालवर, म्हणजे नाकावरच्या विणलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर, चालवला जाई. मग बोसाल आणि बिट एकत्र, आणि कित्येक वर्षांनी केवळ बिट. अमेरिकन क्वार्टर हॉर्स या जातीच्या स्पर्धांमध्ये आजही ५ वर्षांपर्यंतच्या घोड्याला स्नॅफलवर किंवा बोसालवर दोन हातांनी चालवण्याची मुभा असते. त्यानंतर कर्ब आणि एक हात. म्हणजे कर्ब हा तिकडेही शिक्षण पूर्ण झाल्याचा दाखला आहे. आपल्याकडे चित्रपटांतील घोडेस्वार पाहून पहिल्याच दिवशी लांब दांड्यांचे बिट आणि सैल लगाम लावतात, तेव्हा त्या परंपरेचा शेवटचा अध्याय पहिला म्हणून वाचला जातो.

रस्ते वेगळे होतात ते संपर्काच्या प्रश्नावर. इंग्लिश पद्धतीत घोड्याचे तोंड आणि स्वाराची कोपरे यांच्यामध्ये लगामेची एक जिवंत, हलकी, अखंड रेषा असते आणि स्वाराचा पाय कुशीला अलगद टेकलेला असतो. वेस्टर्नमध्ये लगाम झोळ पडलेली असते. सूचना आली की घोडा ती पाळतो आणि पुढची सूचना येईपर्यंत त्याच चालीत, त्याच वेगात राहण्याची जबाबदारी त्याची असते. वळवणेही वेगळे आहे. वेस्टर्नमध्ये उजवीकडे वळायचे असता डावी लगाम मानेला टेकते आणि घोडा त्या स्पर्शापासून दूर वळतो. हे नेक-रेनिंग शिकवण्यासाठी आधी उजव्या लगामेने सरळ वळवणे आणि पायाने खांदा सरकवणे घोड्याला यावे लागते. मग प्रत्येक वळणावर मानेचा स्पर्श आधी, पाय त्यानंतर आणि सरळ लगाम सर्वांत शेवटी, अशा क्रमाने काही आठवडे केले की शेवटच्या दोन सूचनांची गरज उरत नाही. दुडकीला तिकडे जॉग आणि कॅन्टरला, म्हणजे दुडकीहून वेगवान चालीला, लोप म्हणतात. त्या संथ असतात, परंतु ताल तोच असायला हवा, जॉगचा दोन टापांचा आणि लोपचा तीन टापांचा. घोड्याला मागे खेचून इतके संथ केले की लोप चार टापांची होते, तर तो दोष आहे, मग त्याला कितीही टाळ्या पडोत. इंग्लिश बाजूला घोड्याची हनुवटी छातीला लावून चालवणे हा त्याच जातीचा दोष आहे.

आपल्या घोडीबाबत माझा कल इंग्लिशकडे आहे. थरोब्रेडचा पल्ला लांब, मान पुढे जाणारी आणि हाताचा हलका आधार शोधण्याची सवय अंगात मुरलेली. त्या सवयीला रेलण्यापासून टेकण्यापर्यंत आणणे हे तिला पूर्ण सैल लगामेवर आणण्यापेक्षा सोपे जाते. शिवाय आपल्या देशात इंग्लिश पद्धतीचे शिक्षक, परीक्षक आणि स्पर्धा उपलब्ध आहेत. सैन्याच्या घोडदळाने आणि रिमाउंट पशुवैद्यकीय कोअरने ती परंपरा टिकवली, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रघुबीर सिंह यांनी इव्हेंटिंगचे (ड्रेसाज, मैदानी दौड आणि उड्या मिळून होणाऱ्या स्पर्धेचे) सुवर्ण मिळवले, आणि ४१ वर्षांनी, २०२३ मध्ये हांगझोऊ येथे सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे, सांघिक सुवर्ण आणले. त्यातील सुदीप्ती या आपल्या शेजारच्या इंदूरच्या. मुलीला पुढे स्पर्धेत उतरायचे असेल तर ही वाट चाललेली माणसे तिला भेटतील. वेस्टर्नमध्ये ती जवळजवळ एकटी पडेल. स्पर्धेची आस नसेल, आणि गोरेवाडा-काटोल रोडकडच्या शांत वाटांनी सकाळी फेरफटका मारणे एवढीच इच्छा असेल, तर वर्षभरानंतर वेस्टर्नचा विचार अवश्य करावा. रेनिंग या वेस्टर्न स्पर्धाप्रकारातील घसरत थांबणे मात्र या घोडीला शिकवू नये. त्यासाठी मागच्या पायांना वेगळे रुंद नाल आणि खास बांधलेली जमीन लागते. आपल्या जमिनीवर तो प्रयोग केला तर पायांच्या कंडरा, म्हणजे टेंडन, जातील.

सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी किंवा काठियावाडी घोडा आणणाऱ्यांसाठी येथे एक वाक्य जोडते: त्यांची मान जन्मतःच उंच बसवलेली असते आणि अनेकांना रेवाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी, चाल येते, म्हणून वेस्टर्न घोड्यासारखे त्यांचे डोके खाली आणण्याचा अट्टहास करू नये.

आता स्वाराविषयी. माझ्याकडे येणारे बहुतेक प्रौढ विद्यार्थी पहिल्या दिवशी विचारतात, लगाम कशी धरायची. मी त्यांना लगाम देतच नाही. मांड पक्की होईपर्यंत हात स्वतंत्र होत नाहीत, आणि हात स्वतंत्र झाल्याशिवाय वर सांगितलेली सूट वेळेवर देताच येत नाही. तोल गेला की हात आपोआप घट्ट होतात आणि घोड्याने बरोबर उत्तर दिले त्याच क्षणी त्याला शिक्षा होते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवे विद्यार्थी दीर्घकाळ लगाम आणि रिकिबींशिवाय लंजच्या दोरावरच बसतात, ते याच कारणासाठी. आपल्याला तितका काळ देता येणार नाही, परंतु पहिले दोन-तीन महिने आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी २५-३० मिनिटे, शांत आणि वयस्क घोड्यावर, अनुभवी माणसाने दोर धरलेला असताना बसलात, तर पुढची दोन वर्षे वाचतील.

या काळात काय करायचे? कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत आणायची. गुडघ्याने खोगीर पकडायचे नाही, कारण पकडलेला गुडघा स्वाराला वर उचलतो. एक हात घोड्याच्या गळ्यातील पट्ट्यावर, दुसरा बाजूला. मग दोन्ही बाजूंना. त्यानंतर डोळे मिटून चालण्याच्या चालीत कोणता पाय पडतो ते मोठ्याने सांगायचे: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. घोड्याचा डावा मागचा पाय उचलून पुढे येतो तेव्हा त्याचे पोट उजवीकडे झुलते आणि स्वाराची डावी कंबर किंचित खाली जाते. हे अंगाला कळू लागले की पायाची सूचना कधी द्यायची हे वेगळे शिकवावे लागत नाही, कारण जमिनीवर भार घेऊन उभा असलेला पाय घोडा हलवू शकत नाही. सूचना पाय उचलतानाच द्यावी लागते. दोन्ही पद्धतींना हे ज्ञान सारखेच लागते. दुडकीत उठ-बस करताना बाहेरच्या बाजूचा पुढचा पाय पुढे जाईल तेव्हा उठायचे, हे इंग्लिशमध्ये आवर्जून शिकवले जाते. वेस्टर्नमध्ये जॉग बसूनच केली जाते, परंतु फेरफटक्याला लांब दुडकी असेल तर उठ-बस तिकडेही करतात, आणि घोड्याच्या पाठीसाठी ती केव्हाही बरी.

वेस्टर्न खोगिरातून माणूस पडत नाही, हे आपल्या परिचितांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. बैठक खोल असते, पुढे शिंग असते, त्यामुळे चालताना भीती कमी वाटते, आणि फार घाबरणाऱ्या प्रौढांना मी स्वतः पहिल्या काही तासांसाठी ते देते. परंतु त्याच सोयीमुळे तोलाचे दोष झाकले जातात. शिंग धरण्याची सवय लागते आणि घोडा बाजूला उडाला तर तेच शिंग पोटात लागते. वजनही पाहावे लागते. वेस्टर्न खोगीर १५ ते २० किलोंपर्यंत जाते, इंग्लिश ५ ते ८ किलो. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, या मापाने ४५० किलोच्या घोडीवर आपण आणि जड खोगीर मिळून कमाल मर्यादेजवळ पोचता. थरोब्रेडच्या मानेच्या मुळाशी असलेला उंचवटा बराच उंच असतो, आणि क्वार्टर हॉर्ससाठी बनवलेल्या रुंद सांगाड्याचे खोगीर तिच्यावर खाली बसून त्या हाडाला घासते. कानपूरची खोगिरे कारागिरीने उत्तम असतात, परंतु घोडी न पाहता मागवलेले कोणतेही खोगीर जुगार ठरते. स्वार बसलेला असताना त्या उंचवट्यावर दोन-तीन बोटांची मोकळी जागा उरली पाहिजे, आणि कामानंतर खोगीर उतरवल्यावर घामाच्या ओल्या पाठीत मध्येच कोरडा चट्टा दिसला तर तिथे दाब पडतो आहे असे जाणावे.

जमीन आणि हवामान यांचा विचार नागपुरात वेगळा करावा लागतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसाळ्यात नाल उपटून घेते. रिंगण करायचे असेल तर मातीचा वरचा थर काढून, पाण्याला उतार देऊन, मुरूम दाबून घ्यावा आणि त्यावर कन्हानच्या रेतीसारखी स्वच्छ रेती फक्त ५ ते ७ सेंटीमीटर टाकावी. जास्त रेती मऊ असते म्हणून चांगली, हा समज चुकीचा आहे; खोल रेतीत पायांच्या मागच्या कंडरा ताणतात.

एप्रिल ते जून या काळात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा काम पहाटे साडेपाचला सुरू होऊन सातपूर्वी संपले पाहिजे. कष्टाच्या कामात घोडा तासाला १० लिटरहून अधिक घाम गाळू शकतो आणि त्याबरोबर मीठ जाते, म्हणून खुराकात रोज साधे मीठ आणि समोर सतत पाणी हवे. कामानंतर तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, ही समजूत मोतद्दारांमध्ये खोलवर रुजलेली आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत झालेल्या संशोधनाने ती खोटी ठरवली. भरपूर गार पाणी सतत अंगभर ओतत राहणे हाच शरीर थंड करण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. पाऊस लागण्यापूर्वीच्या दमट उकाड्यात काही थरोब्रेड घोड्यांचा घाम येणेच बंद होते. श्वास जलद आणि अंग कोरडे, असे दिसल्यास काम तत्काळ थांबवून पशुवैद्यांना बोलवावे. पावसाळ्यात चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे सर्रा हा रोग पसरतो; अधूनमधून येणारा ताप, उतरणारे वजन आणि पायांवरची सूज दिसली तर तिला आळशी ठरवून टाच मारण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

मुलीला या घोडीवर कधी बसवावे, या प्रश्नाला महिन्यांत उत्तर देता येत नाही. मी एक कसोटी लावते. जाणत्या स्वाराने २० मीटरच्या वर्तुळात कॅन्टर करताना दोन्ही हात पुढे नेऊन चार-पाच झेपांसाठी लगाम पूर्ण सैल सोडावी. घोडीने वेग वाढवला नाही, मान उंचावली नाही आणि तालही सोडला नाही, आणि हे दोन्ही दिशांना, वेगवेगळ्या दिवशी, वाऱ्यावादळाच्या सकाळीही घडले, तर ती स्वतःला वाहून नेऊ लागली आहे. तोपर्यंत मुलीने घोडेस्वारीच्या शाळेतील शांत घोड्यावर रिकिबीशिवाय दुडकी आणि कॅन्टर साधलेली असावी. मग पहिले काही धडे पुन्हा लंजच्या दोरावर, आणि दोर तिच्या शिक्षकांच्या हाती.

या सर्व काळात, जमिनीवरील कामातही, घोडेस्वारीसाठी प्रमाणित केलेले हेल्मेट हवेच. सायकलचे किंवा मोटरसायकलचे चालत नाही, आणि वेस्टर्न टोपी तर नाहीच. बुटाला छोटी टाच असावी आणि रिकीब बुटापेक्षा अडीच सेंटीमीटर रुंद असावी, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. मुलीचे डोके अजून वाढते आहे, म्हणून हेल्मेटचे माप दर वर्षी तपासावे, आणि एकदा ते डोक्यावर असताना जोरात आपटले तर वरून शाबूत दिसले तरी बदलून टाकावे.